उतार उत्तरेला

पहाटे चारला व्हॅलकूरच्या खाडीत
ऑरेलने नांगर ओढला, तर चिखलासोबत
कुणाचा तरी मग वर आला, कान तुटलेला.
त्याने तो धुऊन ठेवला. मी काही बोलले नाही.

अकरा वर्षांपूर्वी ही बोट मीच विकायला लावली होती.
छप्पर गळत होतं त्या वर्षी.
काल एका दंतवैद्याकडून ती परत घेतली,
विकली होती त्याहून चारशे डॉलर जास्त मोजून.
घासाघीस ऑरेलला जमत नाही. मला जमते,
पण मी धक्क्यावर पाठ करून उभी राहिले.

सरोवराला अजून रंग नव्हता.
दक्षिणेचा वारा पाठीशी, शीड पार बाहेर सोडलेलं,
समोरून रात्रपाळीची फेरी, तिच्यात एकच ट्रक.
पाठवाऱ्यात एकमेकांचं ऐकू येतं,
म्हणून तो बोलायला लागला:
कप्प्या जुन्याच ठेवल्यात, बरं केलं त्याने,
दोर मात्र पांढरेफेक. दवाखाना नुसता.
मी सुकाणूवर. हो म्हणत राहिले.
मला पोहता येतं, पण पाण्यावर विश्वास नाही.
त्याला पोहता येत नाही, आणि विश्वास आहे.
आमचा संसार म्हणजे एवढंच,
बाकी सगळी बिलं.

इल ला मोतच्या टोकाला वारा फिरला,
शिडाची काठी सपकन या बाजूची त्या बाजूला.
तो वाकला. टोपी गेली.
बराच वेळ ती मागे तरंगताना दिसत होती,
मलाच. त्याने वळून पाहिलं नाही.

सीमेवरच्या धक्क्यावर कोवळी मुलगी, गणवेश ढगळ.
काही जाहीर करायचंय?
सफरचंदं, चीजचा तुकडा, अर्धी बाटली रम.
आणि बोट?
आमचीच, ऑरेल म्हणाला.
म्हणजे आयात?
म्हणजे परत.
तिने फॉर्म उलटून पाहिला. परतीला रकाना नव्हता.
मग माझ्याकडे वळली: बाई, तुम्ही सांगा.
मी म्हटलं, छप्पर आता गळत नाही, असं लिही.
तिने काय लिहिलं कोण जाणे.
पाऊण तास गेला, आणि तेवढ्यात वारा पडला.

पुढे नदी.
आमच्या रिशल्यूचा उतार उत्तरेला आहे,
बाहेरच्यांना हे पटत नाही; नकाशात ती चढताना दिसते.
शीड वाळत घातलेल्या चादरीसारखं लोंबलं,
मोटर दोनदा खोकली आणि गप्प झाली,
तरी काठ मागे सरकत होता.
आपण काही करत नाही आणि घर जवळ येतंय
याची मला सवय नाही. मी उगाच सुकाणू हलवत राहिले.
बगळा. किल्ल्याचं बेट. वाम माशांचे सापळे असायचे
तिथे आता कुणाची तरी प्लास्टिकची खुर्ची.

नोयाँच्या पुढे गवत कापणारा एक म्हातारा
यंत्र बंद करून काठावर आला.
अरे, ही तर ‘ला तांत’!
दंतवैद्याने नाव बदललं होतं, निळ्या अक्षरांत,
काहीतरी वाऱ्याबिऱ्याचं.
म्हाताऱ्याने ते वाचलंच नाही.
मावशीला तिच्या बुडावरून ओळखतो मी, ओरडला,
आणि ऑरेल हसला, दात नसलेल्या बाजूने,
जी बाजू तो फोटोत लपवतो.

साँ-झाँला पोचलो तेव्हा नऊ वाजून गेलेले,
कालव्याचं दार बंद, सकाळी आठशिवाय उघडत नाही.
दोर बांधले. पांढरे दोर अंधारात बरे दिसतात,
हे मी कबूल केलं.
तो म्हणाला, उद्या नाव खरवडून काढतो.
म्हटलं, राहू दे एक हिवाळा,
ओलं झालं की खालचं दिसतंच.

थर्मासमध्ये एका माणसाची कॉफी उरली होती.
ती त्या मगात ओतली.
धरायला काही नव्हतं, आणि चटका बसत होता,
म्हणून स्वेटरच्या बाहीत पकडून
आधी त्याने, मग मी, मग पुन्हा त्याने.